उभेराव बसले तो दिवस

उभेराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव पगारपत्रकावर असेल. आमच्या गल्लीत ते कधी कुणी वापरलं नाही. ज्या माणसाने सगळी नोकरी दुसऱ्यांच्या घरी जाण्यात घालवली आणि एकाही घरात बूड टेकवलं नाही, त्याला दुसरं काय म्हणणार? हे नाव आमच्या पॅकिंग खात्यातल्या बायकांपैकीच कुणीतरी दिलं. माल भरण्यात आमचं खातं मागे असेल, नावं ठेवण्यात सगळ्या कारखान्यात पहिलं होतं.

कारखाना तेव्हा सरकारी होता. कामगार आजारी पडला तर घरी पडल्या पडल्या पगार मिळायचा. आता असं म्हटल्यावर सगळेच आजारी पडणार, म्हणून हा गडी खरोखर तापलाय की मेहुणीच्या लग्नात नाचतोय हे बघायला एक माणूस घरोघर पाठवला जायचा. ते काम उभेरावांकडे होतं. त्यांच्या आधी जो भेट-कारकून होता तो फार माणसांत रमणारा. जिथे जाई तिथे ऐसपैस बसे, चहा घेई, पोरांना मांडीवर घेई आणि उठताना सगळ्यांना ताप असल्याचं लिहून देई. एकदा अर्धं भट्टीखातं एकाच दिवशी तापाने फणफणलं, भट्ट्या थंड पडल्या आणि त्याची नोकरी गेली.

उभेरावांनी त्यावरून धडा घेतला. जरा जास्तच घेतला, असं माझं मत. कुणाकडे बसायचं नाही आणि पाण्याचा थेंबही तोंडात घालायचा नाही. "ज्याच्या घरचं पाणी प्यालो, त्याचा ताप मला खरा वाटायला लागेल," असं ते सांगत. पाणी प्यालं की माणूस मिंधा होतो, हे त्यांचं ठाम म्हणणं. सुरुवातीला लोकांना राग आला. एवढा काय शहाणा लागून गेला, म्हणून लोक मुद्दाम खुर्ची पुढे सरकवायचे. ते खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहायचे.

मग हळूहळू लोकांच्या लक्षात आलं की हा माणूस खोट्याला खोटं म्हणतो तसा खऱ्याला खरंही म्हणतो. आमचे हे फुप्फुसाच्या दुखण्याने अंथरुणाला खिळले, तेव्हा वरच्या साहेबाने पगार थांबवायचं ठरवलं होतं. उभेराव त्याच्या टेबलापुढे जाऊन उभे राहिले. साहेब उठून गेला तरी उभेच. शेवटी पगार चालू झाला. दर आठवड्याला पाकीट घेऊन स्वतः यायचे. एक पाऊल उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. "ताप? जेवण? झोप?" एवढे तीन शब्द बोलायचे. ह्यांचा खोकला सुरू झाला की त्यांचाच चेहरा उतरायचा, पण चेहरा उतरला म्हणून माणूस काही खाली टेकला नाही.

हे गेले त्या दिवशी उभेराव आमच्या भिंतीशी उन्हात उभे होते. लोक पांगले, नातलग निघून गेले, तरी होते. माझी नणंद त्यांना चहा द्यायला निघाली, तर मीच तिला म्हटलं, "अगं, नको. त्यांना वाईट वाटेल."

हा आमच्या गल्लीचा रिवाजच होऊन बसला होता. उभेरावांना बसा म्हणणं म्हणजे त्यांना लाच देणं आणि पाणी विचारणं म्हणजे त्यांच्या सचोटीवर शंका घेणं. आया पोरांना दम भरायच्या, "ते काका आले की खुर्ची पुढे करू नकोस हां, अपमान होतो त्यांचा." बाहेरून आलेल्या सुनेला कुणाचं काय आवडतं-नावडतं ते सांगताना हेही सांगितलं जायचं. सगळ्या वस्तीने मिळून एका माणसाचा इतका मान ठेवला की तो बिचारा कायमचा उभाच राहिला.

त्यांचं स्वतःचं घर म्हणजे कारखान्याच्या दवाखान्यावरची एक खोली. लग्न केलं नाही. बहीण होती कुठे लांब; ती गेल्यावर त्यांचं टपाल थांबलं. त्या खोलीत गल्लीतलं कुणी गेल्याचं मला आठवत नाही. कशाला जाणार? ते रोज आमच्याकडे यायचेच की.

मग देशाचे वारे फिरले. कारखाने चालवणं हे आपलं काम नाही, असा साक्षात्कार सरकारला झाला आणि आमचा कारखाना एका कंपनीने विकत घेतला. खोटं कशाला बोलू, कंपनी आल्यावर बऱ्याच गोष्टी सुधारल्या. नवी यंत्रं आली, पगार तारखेला होऊ लागले, रस्त्यावर दुकानं उघडली, माझ्या भाच्याला मी आयुष्यात पाहिला नाही एवढा पगार मिळाला. सरकारी कारभाराचे गोडवे गाणारे पुष्कळ आहेत आमच्यात. मेल्या म्हशीला मणभर दूध. पण कंपनीने पहिल्याच वर्षी पाळणाघर बंद केलं, वाचनालय बंद केलं, दवाखान्याला कुलूप ठोकलं आणि आजारपणाचा पगार काढून टाकला. आजारी पडायचं तर ज्याने त्याने आपल्या खर्चाने पडावं. आणि खोटं आजारी पडण्यात काही फायदाच उरला नाही, तेव्हा ते तपासायला माणूस तरी कशाला हवा?

तरी उभेरावांना लगेच काढलं नाही. वस्तीतलं घर न् घर त्यांना ठाऊक, म्हणून ठेवलं. मग तीनेक वर्षांनी कंपनीला एकाएकी आमचा कळवळा आला. कुलूप लावलेल्या दवाखान्याच्याच भिंतीवर नवी कोरी पाटी लागली, 'सामाजिक जबाबदारी विभाग'. आधी जे आमच्या हक्काचं होतं ते आता भेट म्हणून येणार होतं आणि त्याचे फोटो निघणार होते. निवृत्त, एकट्या माणसांना घरी जाऊन भेटायचं अशी एक योजना निघाली. त्यासाठी कंपनीने एक मुलगी पाठवली, नुकती शिकून बाहेर पडलेली, पाठीला पिशवी, केस कापलेले. तिला सगळी वस्ती दाखवायची आणि मग स्वतः निवृत्त व्हायचं, एवढंच काम उभेरावांना उरलं.

गल्लीने तिचं नाव लगेच 'जबाबदारी' ठेवलं. "अगं, जबाबदारी येतेय, चहा टाक," असं आम्ही एकमेकींना भिंतीवरून सांगायचो.

पहिल्या दिवशी दोघं माझ्याकडे आली. उभेराव नेहमीसारखे उंबऱ्यावर. पोरगी सरळ आत आली, पलंगावर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "काकू, पाणी देता? जीव चाललाय उन्हाने." मी तांब्या दिला. तिने ते घटाघटा संपवलं, तोंड बाहीला पुसलं आणि भिंतीवरच्या फोटोकडे बघत विचारलं, "हे काका का?" बस्स. मी जी सुरू झाले ती थांबेचना. ह्यांना शेवटी शेवटी कशाची भीती वाटायची, मी रात्री कुणाशी बोलायची, सगळं सांगितलं. ती रडली, मी रडले. मध्येच माझं दाराकडे लक्ष गेलं. उभेराव चौकटीला धरून उभे होते. इतकी वर्षं ते आमच्याकडे येत होते आणि यातलं एक अक्षर त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना फक्त ताप ठाऊक होता.

बाहेर पडताना त्यांनी तिला विचारलेलं मी खिडकीतून ऐकलं.

"पाणी का प्यायलात?"

"काका, तहान लागली होती."

यावर ते पुढच्या घराकडे चालू लागले.

दोघं घरोघर फिरली. माझ्या समोर एक निवृत्त टर्नर राहतो. तो कधी दार उघडायचा नाही, म्हणून उभेराव त्याला शिष्ट समजायचे. पोरीने मागच्या दाराने जाऊन शोध लावला की त्याला ऐकूच येत नाही. यंत्रांच्या आवाजात कान गेले होते आणि लाजेपोटी त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. आठवडाभरात तिला वस्तीची जी ओळख झाली ती उभेरावांना सगळ्या नोकरीत झाली नव्हती, आणि हे कळण्याइतके ते हुशार होते. ती आत बसून हसायची आणि हे बाहेर रस्त्याकडे तोंड करून उभे.

एकदा त्यांनी तिला विचारलं होतं, "लोक तुम्हाला बसा कधी म्हणतात? आत गेल्यावर, की आधीच?"

ती म्हणाली, "मी वाट नाही बघत, काका. विचारते आणि बसते."

मग बराच वेळ चालून झाल्यावर ते म्हणाले होते, "आता निवृत्त झाल्यावर मी कुणाकडे कशाला जाणार? कुणाकडे माझं काही काम नसेल. काही काम नसताना सहज जावं असं एखादं घर असायला हवं होतं." हे तिने मला फोनवर सांगितलं, पण सगळं होऊन गेल्यावर. आधी सांगितलं असतं तर पोरीचं काय बिघडलं असतं? पण तिला वाटलं असणार, एवढी जुनी ओळख आहे, यांना ठाऊकच असेल.

नव्याचे नऊ दिवस म्हणतात तसं झालं. कंपनीने दुसऱ्या गावी मोठा कारखाना काढला आणि जबाबदारीही तिकडे गेली. जाण्याआधी एक कार्यक्रम झाला. वस्तीला रुग्णवाहिका भेट मिळाली. पांढरीशुभ्र गाडी, दोन्ही बाजूंना कंपनीचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत की 'रुग्णवाहिका' हा शब्द मागच्या दारावर कोपऱ्यात ढकलावा लागला होता. फीत कापली, फोटो निघाले, प्रत्येक गल्लीत भिंतीवर गाडीचा फोन नंबर रंगवला. पोरगी माझ्या गळ्यात पडून रडली आणि गेली. त्याच महिन्यात उभेरावही निवृत्त झाले. त्यांच्यासाठी कार्यक्रम वगैरे काही नव्हता.

तरी दुपार झाली की ते गल्लीतून जायचे. एकेका दारापुढे थबकायचे.

"सगळं ठीक?"

"ठीक आहे, साहेब."

"ताप वगैरे?"

"नाही नाही."

मग पुढे. ताकाला जाऊन भांडं लपवणारा माणूस. आपल्याला काय हवंय हे त्यांना सांगता येत नव्हतं आणि आम्हाला ओळखता येत नव्हतं. त्यातच, कंपनी क्वार्टर्स विकणार अशी आवई उठली. कुणीतरी डोकं लढवलं की उभेरावांना कंपनीने गुपचूप पाहणीला ठेवलंय, घरात कोण राहतं, कोण नाही ते बघायला. नाहीतर निवृत्त माणूस रोज दारोदार कशाला फिरेल? झालं. ते दिसले की दारं लागू लागली. ज्या गल्लीने त्यांना मान देऊन उभं ठेवलं, तिनेच आता भीतीने त्यांना बाहेर ठेवलं. मी दार लावलं नाही कधी. पण बोलावलंही नाही. मला वाटायचं, माणूस आपल्या तालात आहे, आपण कशाला मध्ये पडा.

त्या दुपारी मी कपडे घड्या करत होते. दारात सावली पडली.

"काय साहेब, कुणाला बरं नाही?" मी विचारलं.

"कुणाला नाही."

ते उभे राहिले. मी घड्या करत राहिले. मग त्यांनी घसा साफ केला.

"मी जरा बसू का?"

माझ्या हातातली चादर गळून पडली. मी त्यांच्याकडे बघितलं तर कपाळ घामेजलेलं, ओठ कोरडे, एक हात छातीपाशी शर्टाचं बटण चाचपतोय. ऊन केवढं होतं, घाम येणारच. आणि बटणाशी माणूस संकोचानेही चाळा करतो. पण हे मला आता सुचतं. तेव्हा माझ्या मनात एकच आलं की उभेराव बसतायत म्हणजे यांच्या जिवाचं काही खरं नाही.

"बसा, बसा!" म्हणत मी खुर्ची ओढली. ते बसले. अगदी कडेला, गुडघे जुळवून, नव्या शाळेत आलेल्या पोरासारखे. आणि म्हणाले, "पाणी मिळेल?"

मग तर माझी खात्रीच पटली. मी पाणी आणायचं सोडून दारात धावले आणि ओरडले, "अहो, या कुणीतरी! साहेब बसले! पाणी मागतायत!"

दुसऱ्या कुठल्याही गावात या वाक्यावर लोक हसले असते. आमच्या गल्लीत पळापळ झाली. पलीकडची शिलाईवाली तशीच सुई हातात धरून आली. टर्नरला मी हातवारे करून सांगितलं, तर तो पांढराफटक पडला. कुणी त्यांची कॉलर सैल केली, कुणी तळपाय चोळू लागलं, कुणी भिंतीवरचा नंबर फिरवला.

"अहो, मला काही झालेलं नाही," उभेराव म्हणत होते.

"असंच म्हणतात, साहेब," शिलाईवाली म्हणाली. "तुम्हीच सांगायचात ना, जो काही झालं नाही म्हणतो त्याला आधी दवाखान्यात पाठवा म्हणून."

खरंच सांगायचे. आपल्याच शिकवणीपुढे त्यांचं काही चालेना. त्यांनी सगळ्यांकडे एकदा बघितलं. आजवर ते कुणाच्या ना कुणाच्या उशाशी उभे असायचे. आज पंधरा माणसं त्यांच्याभोवती उभी होती, त्यांना हात लावत होती, वारा घालत होती. मग त्यांनी खुर्चीला पाठ टेकली. मला वाटतं, त्यांना ते थोडं बरंही वाटलं असावं. मला उगाच वाटत असेल.

रुग्णवाहिका आली. वस्तीत आल्यापासून तिला पहिलंच गिऱ्हाईक मिळत होतं, त्यामुळे तिची माणसं फार उत्साहात होती. स्ट्रेचरवर पट्टे आवळून त्यांना उचललं, आत सरकवलं. मग गाडीवरच्या माणसाने विचारलं, "पेशंटबरोबर कोण येतंय?"

पुढची माणसं एक पाऊल मागे सरली.

"घरचं कोण आहे?"

लोक एकमेकांकडे बघू लागले. आमच्या भाषेत नवऱ्याच्या मोठ्या भावाला वेगळा शब्द, धाकट्याला वेगळा, बायकोच्या बहिणीच्या नवऱ्यालासुद्धा हक्काचा शब्द. आणि त्या गर्दीत एकालाही या माणसाचं आपण कोण लागतो ते सांगता येईना. टर्नर मोठ्याने विचारत होता, "काय म्हणतोय तो? काय म्हणतोय?" कुणी त्याला उत्तर दिलं नाही.

आतून स्ट्रेचरवरून उभेरावच म्हणाले, "कोणी नाही. कंपनी लिहा."

"नोकरीत आहात कंपनीच्या?"

"होतो."

"मग नाही चालणार, काका."

मला राग आला. गाडीवाल्याचा, कंपनीचा, गल्लीचा, स्वतःचा, नेमका कुणाचा ते नाही सांगता येत. मी पदर खोचला आणि गाडीत चढले.

"तुम्ही कोण यांच्या?" त्याने विचारलं.

"कोण म्हणजे? माझ्या घरी आलेत ते. माझे पाहुणे आहेत. आमच्याकडे पाहुण्याला असं एकट्याला नाही पाठवत."

त्याने खांदे उडवले आणि दार ओढून घेतलं. गाडी निघाली, भोंगा वाजायला लागला. मी त्यांच्या उशाशी फळीवर बसले. उभेराव छताकडे बघत होते.

"मला खरंच काही झालेलं नाही," ते हळूच म्हणाले.

"मग एवढ्या उन्हाचं आला कशाला होतात?"

त्यांची बोटं पट्ट्याची कड चाचपत राहिली. उत्तर शोधत होते असं नाही, ते तोंडातून काढायला धजत नव्हते.

"सहज," ते म्हणाले. "सहज आलो होतो."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पट्ट्यांनी आवळलेल्या त्या माणसाकडे मला बघवेना. ह्यांच्या मागे मी पुष्कळ रडले आहे, पण त्या गाडीत मी जशी रडले तशी कधी रडले नाही. ते बिचारे माझीच समजूत घालत होते, "असू द्या, असू द्या."

मी डोळे पुसले तेव्हा ते ओशाळल्यासारखे म्हणाले, "पाणी मात्र राहिलं."

गाडीवाल्याच्या बाजूला खणात बाटली होती. मी हात पुढे केला, तर त्याने ती उचलून मागे ठेवली. "नाही, काकू. डॉक्टर तपासेपर्यंत पेशंटला पाणी द्यायचं नाही. कंपनीचा नियम आहे."

मी त्याला काय काय बोलणार होते! पण उभेरावांनी पट्ट्याखालून हात जेमतेम वर उचलून मला थांबवलं.

"बरोबर आहे त्यांचं," ते म्हणाले. "नियम असेल तर नका देऊ."